वॉफलच्या यंत्रातील हॅरिसनची पट्टी

धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यातील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, विजेवरच्या वॉफल मेकरमध्ये मैद्याचे वॉफल निर्वेध सुटते, परंतु घरच्या मालदांडी ज्वारीचे पीठ घातले आणि हिरवा दिवा लागताच झाकण उचलले, की अर्धा पापुद्रा वरच्या साच्याला आणि अर्धा खालच्या साच्याला चिकटून बसतो. तेव्हा दोष पिठाचा मानावा, यंत्राचा की करणारीच्या हाताचा? थोडा पिठाचा आहे, थोडा विजेचा आहे, परंतु मुख्य दोष त्या हिरव्या दिव्यावर ठेवलेल्या अवाजवी विश्वासाचा आहे.

तो दिवा वॉफल भाजले गेले की नाही याविषयी काहीही सांगत नाही. त्याचा संबंध केवळ धातूच्या साच्याच्या तापमानाशी असून, बहुतेक साध्या यंत्रांत त्याचा कारभार एका बोटभर पट्टीकडे सोपवलेला असतो. भिन्न प्रमाणात प्रसरण पावणारे दोन धातू एकमेकांवर घट्ट जोडले, की उष्णता लागताच अधिक वाढणारा धातू पट्टीला दुसऱ्याच्या बाजूस वाकवतो, विजेचा संपर्क तुटतो, आणि साचा निवू लागला की पट्टी पूर्ववत होऊन तो संपर्क पुन्हा जुळतो. इस्त्रीत हीच पट्टी, गिझरमध्ये तिचेच भावंड. आणि तिच्या जनकाचे नाव मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत अभावानेच आढळते.

जॉन हॅरिसन हा इंग्लंडातील एका सुताराचा मुलगा, स्वतःही सुतारच. भर समुद्रात जहाजाचे रेखांश निश्चित करण्याची खात्रीची रीत काढणारास ब्रिटिश पार्लमेंटाने १७१४ साली २०,००० पौंडांपर्यंतचे इनाम जाहीर केले होते, आणि त्या इनामाच्या मागे लागलेल्या हॅरिसनने आपल्या तिसऱ्या सागरी घड्याळावर जवळजवळ १९ वर्षे खर्ची घातली. उष्ण कटिबंधात शिरताच घड्याळातील धातू प्रसरण पावून काळाचा हिशेब चुकवितात, या अडचणीवर तोडगा म्हणून त्याने पितळ आणि पोलाद यांच्या पट्ट्या रिवेटांनी एकत्र जखडल्या. पितळ पोलादाच्या सुमारे दीडपट वाढते, एवढ्याच भेदाचा त्याने उपयोग करून घेतला. दैवगती अशी की, या घड्याळाची समुद्रावर चाचणी कधी झालीच नाही. जमैकाच्या सफरीत यशस्वी ठरले ते त्याचे चौथे, खिशातल्या घड्याळासारखे दिसणारे यंत्र, आणि तरीही इनामाचा निवाडा करणाऱ्या रेखांश मंडळाच्या विद्वान सदस्यांनी इतक्या हरकती काढल्या की, १७७३ साली पार्लमेंटाने ८,७५० पौंड मंजूर केले तेव्हा हॅरिसन ऐंशीच्या घरात पोहोचला होता. सुताराने खगोलशास्त्रज्ञांवर मात करावी हे त्यांना रुचले नसावे, असे माझे मत आहे. पण ज्या घड्याळाने समुद्र पाहिला नाही, त्यातील पट्टी आज उमरग्याच्या ओट्यापर्यंत येऊन पोहोचली आहे.

तेव्हा पट्टीने साच्याचा ताप राखला, पिठाचे काय? पिठातील पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ग्रॅममागे सुमारे २९३ ज्यूल लागतात, पण त्याच पाण्याची वाफ करण्यास २,२५७. पाणी आहे तोवर गर १०० अंशांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. आणि ज्या अभिक्रियेने पृष्ठभागाला तांबूस रंग व खमंग वास येतो, जिचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ माइलार याने १९१२ साली केले, ती जोमाने चालण्यास सुमारे १४० अंश तरी हवेत. म्हणून खरी खूण झाकणाच्या फटीतून येणारी वाफ. ती जोरात येत असताना झाकण उघडणे म्हणजे ओला, अशक्त गर दोन्ही बाजूंनी ओढणे होय.

येथे विजेचा प्रश्न उपस्थित होतो. १,००० वॉटचे यंत्र हा आकडा २३० व्होल्ट गृहीत धरून छापलेला असतो; रब्बीच्या पाळीत शेतीपंप सुरू झाले आणि गावात दाब १८० वर उतरला, की शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घसरून सुमारे ६१० वॉट उरते. (हा हिशेब येथे प्रामाणिकपणे लागू पडतो, कारण साचा तापविणाऱ्या, अल्बर्ट मार्शने १९०६ साली पेटंट घेतलेल्या निकेल-क्रोमियमच्या तारेचा रोध तापल्यावरही फारसा बदलत नाही.) एका वॉफलमधून ४० ग्रॅम पाणी उडवायचे तर ९० हजार ज्यूल हवेत, पूर्ण दाबावर हे काम, उष्णतेची गळती सोडून दिली तरी, दीड मिनिटाचे, आणि १८० व्होल्टवर अडीच मिनिटांचे. जाहिरातीतील तीन मिनिटांचा वायदा अशा गावांसाठी लिहिलेला नाही.

मैद्यात ग्लुटेनचे जाळे असते, ते कच्च्या गरालाही धरून ठेवते; ज्वारीत ते नाही. धाराशिवच्या गृहिणीला याचा उपाय शिकवावा लागत नाही, कारण भाकरीचे पीठ ती आधणाच्या पाण्यात भिजवते, त्यामुळे पिठातील स्टार्च सुमारे ७० अंशांवर फुगून चिकट होतो आणि भाकरी थापताना चिरत नाही. तोच न्याय येथे लावावा: एक तृतीयांश पिठाची उकड काढून उरलेले पीठ ताकात कालवावे, भिजवून वाटलेली उडदाची डाळ किंवा एक अंडे आणि चमचाभर तेल मिसळावे. गूळ मात्र पिठात घालू नये. त्यातील ग्लुकोज व फ्रुक्टोज लवकर करपून साच्याला धरतात. तो वरून घ्यावा.

खरेदीच्या वेळी यंत्र हातात तोलून पाहावे. जड साच्यात उष्णतेचा साठा अधिक राहतो, थंड पीठ पडताच तो ढासळत नाही. नॉन-स्टिक लेप नासाच्या अवकाशमोहिमांतून आला, असे विक्रेता सांगू लागला तर हसून सोडून द्यावे. तो पदार्थ रॉय प्लंकेटला १९३८ साली, नासाच्या स्थापनेच्या २० वर्षे आधी, अपघाताने सापडला. तो २६० अंशांपलीकडे तापू देऊ नये, त्यावर धातूचा उलथना चालवू नये, आणि यंत्र पाण्यात न बुडवता निवल्यावर ओल्या फडक्याने पुसून ठेवावे. साच्यावर तेल लावायचे ते कुंचल्याने, पातळ.

बाकी ज्यांच्या घरी बिडाचे आप्पेपात्र आहे आणि सायंकाळी विजेचा दाब १८० च्या वर चढत नाही, त्यांनी या यंत्रावर पैसे खर्चू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.