राक्षस, दैत्य, दानव, असुर: नावं वेगळी, कुळं वेगळी

काष्टीच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात एखादा दांडगा खोंड दिसला की बघणारा सहज म्हणून जातो, "राक्षस आहे राक्षस!" ही शिवी नसते, दाद असते. पण तोच शब्द माणसाला लावला की भांडण पेटतं. शाळेत समानार्थी शब्दांच्या यादीत राक्षसापुढे दैत्य, दानव, असुर असं लिहिलेलं असतं. मुलं ते पाठ करतात, आणि हे सगळे म्हणजे सुळे-शिंगांचा एकच दुष्ट प्राणी, असा समज जन्मभर टिकतो. निदान आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, तो टिकायला नको होता. या मंडळींच्या खुणा इथं गावोगाव आहेत.

गैरसमज: चारही शब्दांचा अर्थ एकच.

मुळात ही कुळांची नावं. कश्यपाला दितीपासून झालेले ते दैत्य, दनूपासून झालेले ते दानव. हिरण्यकशिपू, प्रल्हाद, बळी हे दैत्य. रावण राक्षस; त्याचे आजोबा पुलस्त्य ऋषी, वडील विश्रवा आणि यक्षांचा राजा कुबेर हा सावत्र भाऊ. त्यामुळे प्रल्हादाला राक्षसाचा मुलगा म्हणणं साफ चूक. अमरसिंहाच्या 'अमरकोशा'त दैत्य आणि दानव असुरांच्या यादीत एकत्र येतात, राक्षसांची यादी मात्र निराळी आहे. एवढंच नाही, राक्षस, पिशाच आणि भूत यांना त्यानं यक्ष-गंधर्वांच्या पंगतीला, देवयोनींत बसवलं आहे. त्या याद्यांतले शब्द नीट बघण्यासारखे आहेत. राक्षसाला क्रव्याद म्हणजे कच्चं मांस खाणारा, रात्रिंचर म्हणजे रात्री हिंडणारा अशी नावं आहेत, तशीच 'पुण्यजन' हेही आहे. असुरांना 'पूर्वदेव', म्हणजे आधीचे देव, म्हटलं आहे. नुसता तिरस्कारच असता तर अशी नावं पडली नसती.

गैरसमज: जो सुर नाही तो असुर.

इतिहास उलटा आहे. ऋग्वेदात वरुण, अग्नी, सविता या देवांनाच असुर म्हटलेलं आढळतं. तिथं अर्थ सामर्थ्यवान, प्रभू असा. इराणकडे हाच शब्द 'अहुर' झाला. पारशी ज्याची उपासना करतात तो अहुर मज्द. पुढं असुराला वाईट अर्थ चिकटला, सुरुवातीचा 'अ' नकाराचा वाटू लागला आणि तो काढून 'सुर' तयार झाला. राक्षस शब्दाचा संबंधही 'रक्ष्' म्हणजे राखणे याच्याशी जोडतात. रामायणाच्या उत्तरकांडात ब्रह्मदेवानं पाण्याच्या राखणीसाठी प्राणी निर्माण केले, तेव्हा 'आम्ही रक्षण करू' म्हणाले ते राक्षस, अशी कथा येते. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'त (1873) राक्षस म्हणजे रक्षक हाच धागा पकडला आणि त्यातून बळीराजाच्या प्रजेचा इतिहास मांडला.

गैरसमज: दैत्याची पूजा म्हणजे काहीतरी अघोरी.

पाथर्डी तालुक्यातलं नांदूर निंबादैत्य हे गाव बातम्यांत येतं ते 'मारुतीला न मानणारं गाव' म्हणून. ग्रामदैवत निंबादैत्य, गावात मारुतीचं मंदिर नाही, मुलांची नावं मारुती, हनुमान ठेवत नाहीत, मारुती कंपनीची गाडीही घेत नाहीत. हे सगळं खरं आहे. मात्र या बातम्या वाचून लोक समजतात की इथं रामाच्या शत्रूची पूजा चालते. गावची कथा नेमकी याच्या विरुद्ध आहे. निंबादैत्य हा रामाचा भक्त. त्याची आणि हनुमंताची लढाई जुंपली, दोघांनीही रामाचाच धावा केला, आणि रामानं हे गाव दैत्याला दिलं. दोन भक्तांच्या भांडणात देवानं करून दिलेली ही वाटणी गावानं आजतागायत पाळली आहे. ज्या मुलखात वेशीवर मारुती नसेल तर गाव अपुरं वाटतं, तिथं एका गावानं दैत्याशी इतकं इमान राखावं, याचा मला मनापासून आदर वाटतो.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कोपरगावच्या बेटावर गोदाकाठी दैत्यगुरू शुक्राचार्यांचं मंदिर आहे. कच-देवयानीची कथा लोक तिथलीच सांगतात. नेवाशात मोहिनीराज आहे. मोहिनीनं अमृत वाटताना राहूचं शिर उडालं आणि ते पडलं ती राहुरी, अशी आख्यायिका आहे. आणि दिवाळीत बलिप्रतिपदेला घरोघर ज्याचं नाव घेतलं जातं, ज्याचं राज्य यावं असं शेतकरी म्हणतो, तो बळी तर प्रल्हादाचा नातू, म्हणजे दैत्यच.

गैरसमज: राक्षसगणाची मुलगी तापट, नवऱ्याला जड.

या गैरसमजानं मात्र खरोखरीची माणसं दुखावतात. पत्रिकेतला 'राक्षसगण' हे जन्मनक्षत्राच्या गटाचं नाव आहे. सत्तावीस नक्षत्रांचे नऊ-नऊचे तीन गट: देव, मनुष्य, राक्षस. कृत्तिका, आश्लेषा, मघा, चित्रा, विशाखा, ज्येष्ठा, मूळ, धनिष्ठा, शततारका ही नऊ राक्षसगणात. चंद्र साधारण सत्तावीस दिवसांत सगळ्या नक्षत्रांतून फिरतो, म्हणजे दर महिन्याला जवळजवळ नऊ दिवस जन्मणारी सगळी बाळं राक्षसगणी. मुलगे तितकेच, मुली तितक्याच. छत्तीस गुणांच्या मेळात गणाला गुणही फक्त सहा. तरीही 'मुलगी राक्षसगणाची' एवढ्या एका वाक्यावर चांगली जमत आलेली स्थळं मोडतात, आणि पोरीला वाटत राहतं की आपल्यातच काही खोट आहे. नकार कळवण्याआधी अशा घरानं आपल्याच माणसांच्या पत्रिका काढून बघाव्यात. सरासरीनं तिघांत एक राक्षसगणी असतो. आजी, काका, नाहीतर नवरदेव स्वतःच त्यात निघेल.