कुत्र्याचे गुरगुरणे हा अपराध नव्हे, पूर्वसूचना

चेन्नईच्या अण्णा नगरमधील आखीव रस्त्यांवर सकाळी पाळीव कुत्र्यांना फिरावयास नेणारे रहिवासी हे नेहमीचे दृश्य आहे. अशा वेळी एखादे मूल धावत येते आणि कौतुकाने कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवते. कुत्रा प्रथम मान वळवतो, जिभेने नाक चाटतो, अंग आखडून घेतो आणि शेवटी गुरगुरतो. मालक ओशाळतो, पट्ट्याला हिसका देतो आणि कुत्र्याला दटावतो. कुत्रा गप्प होतो. प्रसंग निभावला, असे सर्वांना वाटते. श्वानवर्तनाच्या अभ्यासकांच्या मते मात्र खरा धोका येथूनच सुरू होतो.

गुरगुरण्याचा अर्थ बहुतेक वेळा 'मला थोडे अंतर हवे आहे' एवढाच असतो. त्याबद्दल वारंवार शिक्षा झाली, तर कुत्र्याची भीती जात नाही. ती व्यक्त करण्याची सवय तेवढी जाते. असा कुत्रा पुढच्या वेळी कोणतीही सूचना न देता चावू शकतो.

याच शहरात ५ मे २०२४ रोजी थाउजंड लाइट्स भागातील महापालिकेच्या उद्यानात दोन रॉटवायलर कुत्र्यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला गंभीर जखमी केले होते. त्यानंतर परवाना, पट्टा आणि तोंडाला बांधावयाचे मुसके यांविषयी बरीच चर्चा झाली. असे नियम आवश्यकच आहेत. मात्र कुत्र्याची भाषा ओळखता येणे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे.

संकेतांच्या पायऱ्या

नॉर्वेतील प्रशिक्षक तुरिद रुगास यांनी १९९० च्या दशकात कुत्र्यांच्या 'शांतवणाऱ्या संकेतां'कडे लक्ष वेधले. जांभई देणे, नाक चाटणे, मान फिरवणे, मध्येच जमीन हुंगू लागणे, समोरून थेट न येता वळसा घेऊन येणे, हे ते संकेत होत. तणाव टाळण्याचा हा प्रयत्न असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

ब्रिटनमधील पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी याच विषयाची मांडणी शिडीच्या रूपाने केली. जांभई आणि नाक चाटणे या खालच्या पायऱ्या. त्यानंतर तोंड फिरवणे, दूर जाणे, शेपूट पायांत घेऊन दबून बसणे, अंग ताठरणे आणि रोखून पाहणे येते. गुरगुरणे त्याच्याही वर आणि चावणे सर्वांत शेवटी. खालच्या पायऱ्यांकडे दुर्लक्ष होत राहिले, की कुत्रा वरची पायरी गाठतो. अर्थात झोपाळलेला कुत्राही जांभई देतो. म्हणून एकाच खुणेवरून निष्कर्ष न काढता संपूर्ण शरीर आणि प्रसंग पाहावा लागतो.

शेपूट हलले म्हणजे कुत्रा आनंदात आहे, ही समजूतही अपुरी आहे. इटलीतील संशोधकांनी २००७ साली ३० कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात, मालक दिसताच शेपूट उजवीकडे अधिक झुकत होते. अनोळखी, वरचढ कुत्रा दिसल्यावर ते डावीकडे अधिक झुकत होते.

'कळपाचा म्होरक्या' ही कल्पना

कुत्र्याला धाकात ठेवावे, मालकाने 'म्होरक्या' व्हावे, या विचाराचे मूळ लांडग्यांच्या अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली होती. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या ग्रंथामुळे ती कल्पना सर्वदूर पोहोचली. मात्र मुक्त लांडग्यांचा दीर्घ अभ्यास केल्यानंतर मेक यांनीच १९९९ साली ती दुरुस्त केली. रानातील कळप हे बहुधा आईवडील आणि पिले यांचे कुटुंब असते, असे त्यांनी दाखवून दिले.

बळाच्या वापराचे परिणामही तपासले गेले आहेत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली १४० श्वानमालकांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्क्यांनी कुत्रा उलट आक्रमक झाल्याचे सांगितले. कुत्र्याला बळाने उताणे पाडणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते.

बळाविना शिकवण

गुरगुरणाऱ्या कुत्र्याला न रागावता प्रथम तेथून दूर न्यावे. तो ज्या अंतरावर शांत राहतो, त्या अंतरावरून मूल किंवा अनोळखी माणूस दिसताच त्याला आवडीचा खाऊ द्यावा आणि हे अंतर अनेक दिवसांत हळूहळू कमी करावे. भीतीचे कारण आणि सुखद अनुभव यांची सांगड बसली, की गुरगुरण्याचे मूळ कारणच उणावते. एखादा कुत्रा अचानक चिडचिडा झाल्यास दुखण्याची शक्यता लक्षात घेऊन पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

बळ न वापरणे म्हणजे मोकाट सोडणे नव्हे. पट्टा हातात असावाच. कुत्र्याला मिठी मारू नये, खाताना किंवा झोपेत त्याला हात लावू नये, हे मुलांना शिकवावे. कुत्रा चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तातडीने रुग्णालय गाठावे. कुत्रा घरचा असला तरी रेबीजप्रतिबंधक लशीविषयी डॉक्टरांना विचारावे.

चेन्नईला सौम्य मार्गाचा अनुभव नवा नाही. येथेच स्थापन झालेल्या ब्ल्यू क्रॉस ऑफ इंडिया या संस्थेने भटक्या कुत्र्यांना ठार मारण्याऐवजी त्यांच्या निर्बीजीकरणाचा आग्रह १९६४ पासून धरला. महापालिकेने तो मार्ग स्वीकारण्यास १९९६ साल उजाडले. घरातील बदलाला मात्र एवढा काळ लागण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी कुत्रा गुरगुरला, की पट्ट्याला हिसका देण्यापूर्वी तो कशाला भ्यायला आहे, एवढे पाहिले तरी त्याची सुरुवात होऊ शकते.