धेंपोची उतरण

11 जानेवारी 2015. मडगावजवळच्या फातोर्डा स्टेडियमवर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता. एका बाजूला बंगळुरू एफसी, दुसऱ्या बाजूला घरच्या प्रेक्षकांसमोर उतरलेला धेंपो स्पोर्ट्स क्लब. बंगळुरूने तो 2-1 असा जिंकला. धेंपोच्या चाहत्यांना हुरहूर लागली, पण काळजी कुणालाच वाटली नाही. देशातल्या पहिल्या दोन संघांत आपण आहोत, एवढं त्या संध्याकाळी सिद्धच झालं होतं. सहा दिवसांनी आय-लीग ही राष्ट्रीय लीग सुरू झाली. मेअखेरीस ती संपली तेव्हा पाच वेळचा राष्ट्रीय विजेता धेंपो द्वितीय श्रेणीत घसरलेला होता.

फुटबॉलमध्ये ज्याला रेलिगेशन म्हणतात, त्या पदावनतीचा नियम सरळ आहे. मोसमाच्या शेवटी जो तळाला, तो खालच्या श्रेणीत. क्रिकेटवर पोसलेल्या आपल्याला हा नियम जरा परका वाटतो. रणजी करंडकातला घसरलेला संघ बातमीच्या शेवटच्या ओळीत दिसतो आणि विसरला जातो. फुटबॉलच्या गावात मात्र पदावनती घरातल्या दुखवट्यासारखी येते. गोव्यासाठी धेंपोचं घसरणं तसंच होतं.

धेंपो हे नाव गोव्यात कुठे कुठे पोचलेलं आहे, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. खाणींतून उभं राहिलेलं हे घराणं. ‘नवप्रभा’ हे मराठी दैनिक त्यांचं, इंग्रजी ‘नवहिंद टाइम्स’ही त्यांचंच. सकाळी ज्या घरात धेंपोंचं वर्तमानपत्र येई, त्याच घरातली पोरं संध्याकाळी धेंपोचा सामना बघायला जात. गोव्यात फुटबॉल मोठा झाला तो दोन आधारांवर. भात कापून झाल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतात गावागावांच्या पोरांनी तो खेळला, आणि धेंपो, साळगावकर, सेसा अशा खाणवाल्या उद्योगांनी त्या पोरांना पगार देऊन संघात घेतलं. 1970च्या दशकात धेंपोने मुंबईच्या कूपरेजवर येऊन रोव्हर्स चषक जिंकला, तेव्हाच गोव्यातही फुटबॉल पिकतो हे देशाला दिसलं होतं.

खरा सुवर्णकाळ आला तो नव्या शतकात. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांनी एक संघ बांधला आणि तो वर्षानुवर्षं टिकवला. समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही त्या संघाची नावं. त्यांच्या जोडीला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आणि ब्राझीलचा बेटो. 2004-05, 2006-07, 2007-08, 2009-10 आणि 2011-12, म्हणजे आठ मोसमांत पाच राष्ट्रीय विजेतेपदं. 2007-08 ची पहिलीवहिली आय-लीग त्यांनी चर्चिल ब्रदर्सशी गुण बरोबरीत असताना गोलफरकावर जिंकली. 2008 मध्ये आशियातल्या क्लबांच्या एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीत पोचणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. 30 मे 2011 रोजी त्यांनी मुंबईच्या एअर इंडियाला 14-0 असं हरवलं.

याच क्लबने मृत्यूही जवळून पाहिला होता. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळुरूत मोहन बागानविरुद्ध फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता. ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर याने धेंपोचे दोन्ही गोल केले आणि दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी झालेल्या टकरीनंतर तो उठलाच नाही. चषक धेंपोकडे आला आणि तो आणणारा गेला. त्या धक्क्यातून उठून, त्याच मोसमात या संघाने आपलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. धेंपोच्या माणसांना हरण्याची भीती नव्हती. हरण्यापेक्षा मोठं काय असतं, ते त्यांनी पाहिलं होतं.

मग अशा क्लबला 2015 मध्ये काय झालं?

एकच एक कारण सापडत नाही. संघ म्हातारा होत होता. रँटी 2011-12 च्या मोसमात 32 गोल करून गेला. असा आघाडीपटू जातो तेव्हा त्याच्यासाठी चेंडू पुरवणारी मधली फळीही पोरकी होते. 2013 मध्ये कुलासो ईस्ट बंगालकडे गेले. इतकी वर्षं एकाच माणसाच्या डोळ्यांनी बघणाऱ्या संघाला नव्या नजरेची सवय लावावी लागली. पण म्हातारा संघ सहसा हळूहळू खाली सरकतो. तीन वर्षांत पहिल्या क्रमांकावरून थेट पदावनतीपर्यंत जायला आणखी काहीतरी लागतं, आणि ते काहीतरी ऑक्टोबर 2014 मध्ये आलं.

त्या महिन्यात इंडियन सुपर लीग सुरू झाली. एफसी गोवा या नव्या संघाचे एक सहमालक होते श्रीनिवास धेंपो. साहजिकच नव्या संघातले कितीतरी भारतीय खेळाडू धेंपोतून आले. गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी, बचावात नारायण दास, मधल्या फळीत क्लिफर्ड मिरांडा, कडेने धावणारे रोमियो फर्नांडिस आणि मंदार राव देसाई. प्रशिक्षक झिको. फातोर्डा भरून वाहू लागला. संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि डिसेंबरच्या मध्यावर पेनल्टी शूटआउटमध्ये कोलकात्याकडून हरला. लोक म्हणाले, गोव्याचा फुटबॉल पुन्हा बहरला. ते खोटं नव्हतं.

पण पाय तेच होते, सुपर लीग संपताच धेंपोसाठी पुन्हा धावायचे होते. डिसेंबरच्या मध्यावर सुपर लीगचा उपांत्य सामना, डिसेंबर संपायच्या आत फेडरेशन चषक, 11 जानेवारीला त्याची अंतिम लढत आणि 17 जानेवारीपासून आय-लीग. नव्या मोसमाआधी संघाने एकत्र राहून घाम गाळायचा, नवे परदेशी खेळाडू जुन्यांबरोबर रुळवायचे, एकमेकांच्या धावा पाठ करायच्या, तो काळच कॅलेंडरमधून नाहीसा झाला होता. त्यात मोसम चालू असतानाच रोमियो ब्राझीलच्या अ‍ॅटलेटिको पारानेन्सेकडे लोनवर गेला. गोव्याच्या पोराला ब्राझीलचं दार उघडलं, याचा आनंद सगळ्यांना झाला आणि तो व्हायलाच हवा होता. धेंपोची कड मात्र रिकामी झाली.

शिवाय ती लीग फार छोटी होती. अकरा संघ, प्रत्येकी वीस सामने. अडतीस सामन्यांच्या लीगमध्ये वाईट महिना भरून काढता येतो. वीसच्या लीगमध्ये तोच महिना अख्ख्या मोसमाचा निकाल लावतो. मधल्या आणि खालच्या संघांमध्ये गुणांचं अंतर बोटांवर मोजण्याइतकं होतं. जिंकता आले असते असे सामने बरोबरीत सुटत राहिले आणि एका गुणाचा दिलासा घेत संघ खाली खाली गेला. पदावनत होणारे बहुतेक संघ असेच जातात. मोठ्या पराभवाने ते खडबडून जागे तरी होतात, बरोबरीने झोप मोडत नाही.

आणखी एक गोष्ट. तक्त्यात सर्वांत तळाला धेंपो नव्हता. तिथे पुण्याचा भारत एफसी होता, कल्याणी समूहाचा नवा संघ. पण नव्याने थेट प्रवेश दिलेल्या संघाला पदावनतीतून सूट होती. म्हणून शेवटून दुसरा असलेला धेंपो खाली गेला आणि शेवटचा वर राहिला. नियम आधीच ठरलेला होता, धेंपोला तो ठाऊक होता, त्यामुळे अन्याय म्हणता येत नाही. पण त्याच उन्हाळ्यात भारत एफसी बंद पडला. पुणे एफसीचा वरिष्ठ संघही थांबला. नियमाने ज्याला वर ठेवलं तो उरला नाही आणि ज्याला खाली ढकललं तो उरला, हे आज मागे वळून पाहताना मनात राहतं.

त्याच मोसमात विजेता ठरला मोहन बागान. 2004-05 पासून दहा मोसम कोलकात्याच्या एकाही क्लबला राष्ट्रीय लीग जिंकता आली नव्हती. त्या दहापैकी आठ विजेतेपदं गोव्यात आली होती, त्यातली पाच एकट्या धेंपोची. त्या उन्हाळ्यात कोलकात्याचा दुष्काळ संपला आणि धेंपोचा सुरू झाला.

पण धेंपोची गोष्ट मला सांगावीशी वाटते ती पुढच्या वर्षासाठी. पदावनत झालेला क्लब खाली जाऊन काय करतो, यात त्याचा कस दिसतो. खेळाडू विकून मोकळं होता येतं, मालकाला शटर ओढता येतं. धेंपोने तसं केलं नाही. तो द्वितीय श्रेणीत खेळला आणि 2016 मध्ये ती जिंकून एका वर्षात वर चढण्याचा हक्क त्याने मिळवला. जिथून पडला, तिथे स्वतःच्या पायांनी परत आला. पदावनतीच्या नियमाची सारी नैतिकता इथे आहे. तो खाली ढकलतो, पण जिना काढून घेत नाही.

त्यानंतर धोक्यात आला तो जिनाच. 2016 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने देशातल्या लीगची नवी रचना मांडली. तिच्यात सुपर लीग सर्वांत वर होती, आय-लीग तिच्या खाली, आणि खालून वर जाण्याची वाट दिसत नव्हती. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तिघांनी निषेध म्हणून आय-लीगमधून माघार घेतली. मैदानावर कमावलेली बढती धेंपोने वापरलीच नाही. 2015 मध्ये त्याला गुणतक्त्याने खाली नेलं होतं, 2016 मध्ये तो स्वतःहून बाजूला झाला. मला दुसरी घटना पहिलीपेक्षा कितीतरी जास्त दुखते. पहिलीला उत्तर देता आलं होतं.

मुंबई-पुण्याकडे पाहिलं की हे दुखणं अधिक कळतं. 2005-06 चा विजेता महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. 14 गोल खाऊनही खेळत राहिलेला एअर इंडिया 2013 मध्ये लीगबाहेर गेला. मुंबई एफसी 2017 मध्ये पदावनत झाला आणि तिथेच संपला. कूपरेजवर त्यांच्यासाठी ओरडलेल्या माणसांकडे आज संघ नाही, फक्त जुने स्कार्फ आहेत. क्लब मरतो तेव्हा त्याच्याबरोबर संध्याकाळचं एक ठरलेलं ठिकाण जातं, आणि बारा वर्षांच्या पोराला कुठे चाचणीला न्यायचं या प्रश्नाचं उत्तरही जातं.

धेंपो मेला नाही, याचं कारण तो गोव्यात रुजलेला होता. घराण्याने 2009 मध्येच खाणींचा धंदा सेसा गोवाला 1,750 कोटी रुपयांना विकला होता. क्लब त्या व्यवहारात गेला नाही. माघारीनंतरही धेंपो गोव्याच्या प्रो लीगमध्ये खेळत राहिला. टीव्हीवर दिसणारं काही नव्हतं. कुमार गटातली पोरं वर येत राहिली आणि सामन्याच्या दिवशी तीच जुनी माणसं मैदानाच्या कडेला उभी राहिली. क्लिफर्ड मिरांडा प्रशिक्षक झाला आणि 2023 मध्ये ओडिशा एफसीला त्याने सुपर कप जिंकून दिला. समीर नाईकने धेंपोचीच धुरा घेतली.

दरम्यान महासंघाने जिना पुन्हा बांधायला घेतला. 2022-23 पासून आय-लीग जिंकणाऱ्याला सुपर लीगमध्ये जाण्याची वाट खुली झाली. सुपर लीगमधून मात्र कुणी खाली येत नव्हतं, म्हणजे काम अर्धंच झालं होतं. तरी धेंपो पुन्हा तळापासून निघाला. 2023-24 च्या आय-लीग 2 मध्ये त्याने दुसरा क्रमांक मिळवून बढती घेतली आणि 2024-25 मध्ये, अवनतीच्या त्या मोसमानंतर जवळपास दहा वर्षांनी, तो आय-लीगमध्ये उतरला. मैदानाच्या कडेला प्रशिक्षक म्हणून समीर नाईक उभा होता. सुवर्णकाळात तो बचावफळीत होता आणि पाच विजेतेपदांचा संघ त्याने आतून पाहिला होता.

2015 चा तो मोसम धेंपोच्या इतिहासातला सर्वांत वाईट मोसम म्हणून नोंदला जाईल, आणि ते बरोबरच आहे. पण त्या वर्षी तक्त्यात धेंपोच्या वर असलेले पुणे एफसी आणि मुंबई एफसी, खाली असलेला भारत एफसी, यांच्यापैकी एकही आज खेळत नाही. धेंपो खेळतो.