मराठी कळफलक आणि कळीमागील अंक



रत्नागिरीहून मुंबईस धाडलेलें माझें एक मराठी पत्र तेथील संगणकावर उघडलें, तेव्हां ‘राम’ या नांवाच्या जागीं जे, के, ई अशीं तीन इंग्रजी अक्षरें उमटलीं. वाचणाऱ्या स्नेह्यानें माझी यथेच्छ चेष्टा केली. पण दोष ना माझ्या बोटांचा होता, ना त्याच्या डोळ्यांचा.

कळ दाबली म्हणजे यंत्रास केवळ एक अंक कळतो. त्या अंकावरून कोणतें अक्षर सांठवावयाचें हें प्रोग्रॅम ठरवितो, आणि त्या अक्षराचें चित्र फाँट काढतो. ‘कृतिदेव’सारख्या जुन्या फाँटांत सांठवण इंग्रजी अक्षरांचीच होई, मराठी होतें तें वरचें सोंग. ज्या संगणकावर तो फाँट नव्हता, तेथें सोंग उतरलें, इतकेंच. पुढें युनिकोडनें देवनागरीच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा अंक दिला आणि ही विटंबना पुष्कळ कमी झाली.

कळींची मांडणी हा निराळाच तंटा. टंकलेखनयंत्रावर ‘कि’ उमटवितांना ऱ्हस्व वेलांटी आधीं, कारण कागदावर ती डावीकडे असते. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें १९८६ सालीं प्रमाण ठरविलेल्या ‘इनस्क्रिप्ट’ रचनेंत मात्र उच्चाराप्रमाणें आधीं ‘क’, मग वेलांटी. स्वर बहुतेक डाव्या हाताखालीं, व्यंजनें उजव्या. ज्या कळीवर मराठींत ‘क’, त्याच कळीवर कानडींत व गुजरातींतही ‘क’. रचना खरोखर शहाणपणाची आहे. तथापि यंत्रावर वीस वर्षें घासलेलीं बोटें ती पाहून अडखळतात, त्यांना कोणीं हेकट म्हणूं नये.

एक कांटा मात्र अजून रुततो. ‘आचार्याला’ म्हणजे गुरूला, आणि ‘आचाऱ्याला’ म्हणजे स्वयंपाक्याला! आपल्या किनाऱ्याला, वाऱ्याला, कऱ्हाडाला हा ‘ऱ’ लागतोच. इनस्क्रिप्टमध्यें शिफ्टसह ‘र’ची कळ दाबली कीं तो मिळतो, त्याचा अंक २३५३, त्यापुढें हलन्ताचा २३८१. परंतु कांहीं कळफलक साधा ‘र’ म्हणजे २३५२, हलन्त, आणि त्यानंतर ८२०५ हें अदृश्य सांधणारें चिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही आकृती तंतोतंत सारख्या; यंत्रास मात्र ते दोन भिन्न शब्द. एखाद्या यादींत ‘कऱ्हाडकर’ हें नांव एका रीतीनें चढवलें असेल आणि कारकुनानें दुसऱ्या रीतीनें शोधलें, तर समोर छापलेलें नांव यंत्र ‘नाहीं’ म्हणून सांगूं शकतें. त्या गृहस्थानें आपलें अस्तित्व कशानें सिद्ध करावें?

उपाय अवघड नाहीं. शोध घेणाऱ्या प्रोग्रॅमनें दोन्ही रीती एकच मानाव्या, आणि तोंवर एका कचेरींतील सर्वांनीं एकच रीत पाळावी. आपल्या घरचा फोन कोणती रीत वापरतो हें पाहावयाचें असल्यास, संगणकावर लिहिलेल्या मजकुरांतील ‘वारा’ सोडून ‘वाऱ्या’ हा शब्द त्या फोनवरून शोधून पाहा.