शिट्टी न मोजता वरण-भात

संध्याकाळी सात ते साडेआठ या वेळात स्वयंपाकघरात दोन प्रकारचा वेळ खर्च होतो. एक हाताचा: भाजी निवडणं, चिरणं, कणीक मळणं, पोळ्या लाटणं. दुसरा लक्षाचा: कुकरची तिसरी शिट्टी झाली का, दूध उतू जातंय का, भाजी खाली लागतेय का. हाताच्या वेळात निदान काहीतरी काम पुढे सरकतं. लक्षाच्या वेळात माणूस ओट्यापाशी नुसता अडकून पडतो, आणि नेमकी तेव्हाच बाहेरच्या खोलीतून ‘बाबा, हे गणित सुटत नाहीये’ अशी हाक येते. यातला कोणता वेळ वाचवायचा आहे हे न ठरवता आणलेलं यंत्र चार महिन्यांत माळ्यावर जातं. घरोघरच्या माळ्यांवर आजवर किती रोटीमेकर जमले असतील, याची शिरगणती एकदा कोणीतरी करायला हवी.

दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरासाठी विजेवर चालणारा प्रेशर कुकर घ्यावा का, एवढाच प्रश्न इथे घेऊ. रोजचा वरण-भात, आठवड्यातली एखादी उसळ, रविवारचं मटण हे सगळं त्याच्या आवाक्यातलं आहे, आणि तो नेमका काय वाचवतो याबद्दल दुकानात जे सांगतात ते अर्धंच खरं असतं. शिजण्याचा वेळ तो वाचवत नाही. गॅसवरच्या कुकरपेक्षा तो सावकाशच चालतो. असं का, ते समजायला आधी आपला नेहमीचा कुकर काय करतो ते पाहावं लागेल.

उघड्या पातेल्यात पाणी 100 अंश सेल्सियसला उकळतं आणि तिथेच थांबतं. आच कितीही मोठी केली तरी वाफ जास्त होते, पाणी आणखी तापत नाही. महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटर उंचीच्या गावात हवेचा दाब कमी, त्यामुळे तिथे ते 95-96 अंशांनाच उकळायला लागतं आणि डाळ शिजता शिजत नाही. कुकर याच्या उलट करतो. वाफ आत कोंडली की दाब वाढतो, आणि दाब वाढला की पाण्याचा उकळबिंदूही वर चढतो. घरगुती कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो जास्त दाब असतो. त्या दाबाला पाणी सुमारे 121 अंशांना उकळतं. वीस-एकवीस अंशांचा हा फरक दिसायला लहान आहे, पण उघड्यावर पाऊण तास घेणारी तूरडाळ त्याच्या जोरावर आठ-दहा मिनिटांत मऊ होते.

शिट्टी म्हणजे एका बारीक छिद्रावर ठेवलेलं वजन. छिद्राचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरच्या दहाव्या भागाएवढं धरलं, तर 1 किलोचा दाब पेलायला तिथे 100 ग्रॅम वजन पुरतं. दाब त्यापुढे गेला की वजन उचललं जातं, जादा वाफ फुस्सकन निघून जाते आणि वजन पुन्हा बसतं. म्हणजे शिट्टी सांगते ते एवढंच, की आत वाफ गरजेपेक्षा जास्त झाली होती. डाळ किती शिजली हे तिला ठाऊक नसतं. आच मोठी ठेवली तर चार मिनिटांत चार शिट्ट्या होतील आणि डाळीत कणी राहील. आच बारीक केली तर पंधरा मिनिटांत एकही होणार नाही आणि डाळीचं मेण होईल. तरी पिढ्यान्‌पिढ्या आपण शिट्ट्याच मोजतो, कारण दुसऱ्या खोलीत बसून मोजता येईल असं कुकरमधलं तेवढंच एक माप आहे. पहिली शिट्टी आल्यावर आच बारीक करून घड्याळ लावणं ही खरी पद्धत. ती पाळणारी माणसं फार थोडी भेटतात.

कोंडलेल्या वाफेवर शिजवायची युक्ती जुनी आहे. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1679 मध्ये लंडनमध्ये असं भांडं करून दाखवलं, आणि ते फुटू नये म्हणून त्याला वजनाची झडपही लावली. भारतात 1959 च्या सुमारास इथे बनलेले कुकर बाजारात येऊ लागले. मूळ रचना आजही तीच आहे: जाड भांडं, रबरी रिंग, वजन, आणि वजनाचं छिद्र तुंबलंच तर वितळून वाफेला वाट करून देणारी सेफ्टी व्हॉल्व्हची गुंडी.

विजेच्या कुकरने यात भर घातली ती राखणदाराची. बाहेरच्या डब्यात तळाशी हीटरची तबकडी, तिच्यावर आतलं भांडं, वर कुलूपबंद होणारं झाकण. भांड्याच्या तळाला टेकलेला सेन्सर सतत तापमान पाहत असतो. दाब ठरल्या पातळीला पोचला की हीटर बंद होतो, उतरला की पुन्हा चालू होतो. वाफ बाहेर सोडावीच लागत नाही, म्हणून शिट्टी नाही. झाकणावरची एक छोटी पिन दाबाने वर उचलली जाते, आणि ती वर असेपर्यंत झाकण उघडत नाही. ठरलेली मिनिटं भरली की यंत्र आपण होऊन थांबतं आणि अन्न गरम ठेवण्याच्या खुणेवर येतं. कॅनडात 2010 साली निघालेल्या इन्स्टंट पॉटने हा प्रकार जगभर नेला. आता आपल्याकडेही त्या धर्तीचे बरेच कुकर मिळतात.

आता हिशेब मांडू. चौघांचा वरण-भात, गॅसवर: दाब यायला सात-आठ मिनिटं, बारीक आचेवर पाच-सहा, वाफ जिरायला दहा. झाली पंचवीस. विजेवर: दाब यायला दहा-बारा, कारण हीटर साधारण 1000 वॉटचा आणि गॅसच्या मोठ्या बर्नरपुढे तो कमीच पडतो. शिजायला आठ-दहा, कारण यातला दाब गॅसवरच्या कुकरपेक्षा थोडा कमी आणि तापमान 115 ते 118 अंशांच्या घरात असतं. शिवाय सगळीकडून बंदिस्त असल्यामुळे वाफ जिरायला पंधरा. झाली पस्तीस-चाळीस.

म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचा तोटाच.

पण त्या चाळीस मिनिटांत तुम्ही ओट्यापाशी नसता. बटण दाबून खाली पाळणाघरातून मुलाला आणायला जाता येतं. गॅसवर कुकर ठेवून कोणी जाऊ नये, आणि जातही नाही. विजेच्या कुकरमध्ये हा लक्षाचा वेळ वाचतो. ज्या घरात संध्याकाळी सासूबाई, आई किंवा स्वयंपाकाच्या मावशी ओट्यापाशी असतातच, तिथे या यंत्राचा उपयोग फारसा नाही. असं विक्रेता सांगणार नाही, म्हणून इथे सांगितलं.

वापरायचा कसा, तेही पाहू. तूरडाळ धुऊन, हळद-हिंग घालून, तिप्पट पाण्यासह थेट आतल्या भांड्यात घालायची. तिच्यावर स्टँड, स्टँडवर तांदळाचा डबा, त्यात तांदळाच्या दुप्पट पाणी. दहा मिनिटं लावायची. आंबेमोहोर किंवा इंद्रायणीचा मऊ भात असा छान होतो. बासमतीचा मात्र गोळा होतो, तो वेगळा करावा. डाळ वापरताना भांडं निम्म्याच्या वर भरायचं नाही, कारण डाळ फसफसते आणि तिचा फेस झडपेत जाऊन बसतो. चिंच-आमसूल डाळ शिजल्यावरच घालायचं, आंबटाने डाळ अडून बसते. बोअरचं जड पाणी असेल तर दोन-तीन मिनिटं वाढवावी लागतात.

उसळींना तो खरा पावतो. आठ तास भिजलेले छोले वीस-पंचवीस मिनिटांत बोटाने चेपले जातात, आणि मधे आच कमी-जास्त करायला कोणाला उभं राहावं लागत नाही. फक्त राजमा असेल तर एक पथ्य: यंत्रावर ‘स्लो कुक’ असं बटण असतं, त्यावर तो शिजवायचा नाही. राजम्यात असलेलं एक विषारी प्रथिन नीट खळखळून उकळल्याशिवाय नष्ट होत नाही, आणि मंद आचेवर अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. दाबाखाली शिजवला तर काळजी नाही.

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापतात ते ‘डिले स्टार्ट’. सकाळी भरून ठेवा, संध्याकाळी दारातून आत आलात की जेवण तयार. कल्पना मोहक आहे, पण आपल्या हवेत ती जपून वापरावी. एप्रिल-मे महिन्यांत नागपूरला किंवा सोलापूरला डाळ-तांदूळ दहा तास पाण्यात बसले तर आंबतात. हिवाळ्यात छोल्यांचं त्याने काही बिघडत नाही. मटण, चिकन, दूध यांना कोणत्याच ऋतूत असं ताटकळत ठेवायचं नाही. शिजलेला भात मात्र ‘कीप वॉर्म’वर दोन तास राहिला तर चालतो, कारण तिथे तो साठ अंशांच्या वर असतो. तोच भात ओट्यावर कोमट पडून राहिला तर त्यात टिकून राहिलेले जिवाणू वाढायला लागतात.

त्याला काय जमत नाही तेही ऐका. फोडणी. त्यात ‘सॉटे’चं बटण असतं, पण तेल तापायला इतका वेळ लागतो की मोहरी तडतडेपर्यंत धीर सुटतो. कढल्यात फोडणी करून वरून घालणं बरं. कांदा-खोबऱ्याचं वाटण आतच परतलंत तर पाणी घातल्यावर तळाला चिकटलेलं सगळं उलथन्याने खरवडून सोडवा. नाहीतर सेन्सरला तळ भलताच तापलेला वाटतो आणि यंत्र मधेच ‘बर्न’ म्हणून थांबतं. पोहे, उपमा, भेंडी, पिठलं यांत त्याचा काडीचा उपयोग नाही.

आणि पोळ्या. हाताच्या वेळातला सगळ्यात मोठा वाटा त्यांचाच. मूळच्या मराठी असलेल्या प्रणोती नगरकर यांनी सिंगापुरात रोटिमॅटिक हे यंत्र घडवलं. पीठ, पाणी, तेल भरलं की ते मळतं, लाटतं, भाजतं. यंत्र म्हणून थक्क करणारी गोष्ट आहे, पण बाहेर पडतो तो फुलका. पदर सुटलेली घडीची पोळी हवी असेल तर त्याचा इलाज नाही, आणि किंमतही मध्यमवर्गीय घराला सहज झेपणारी नाही. त्यापेक्षा कणीक मळण्याचं भांडं असलेला फूड प्रोसेसर पुष्कळ कामाचा, तोही धुवायला सोपा असेल तरच. धुवायला दहा मिनिटं घेणारं यंत्र पाच मिनिटांचं काम वाचवत असेल तर तो आतबट्ट्याचा व्यवहार झाला. एअर फ्रायरबद्दल एवढंच: मुलांना रोज कटलेट-नगेट्स लागत असतील तर घ्या, वरण-भाताच्या घरात त्याला काम कमी.

कुकर घ्यायचाच ठरला तर दुकानात जाताना घरचे कुकरचे डबे पिशवीत घालून न्या. विक्रेता विचित्र नजरेने पाहील, पाहू दे. आतल्या भांड्यात डबा सहज बसतो का, स्टँड ठेवून झाकण लागतं का, हे तिथेच कळतं. तिघांना तीन लिटरचा पुरतो. चौघं असतील आणि पाहुण्यांचा राबता असेल तर पाच-सहा लिटरचा घ्यावा. आतलं भांडं स्टीलचं असावं. नॉनस्टिक दिसतं देखणं, पण डाव आणि घासणीपुढे दोन वर्षंही टिकत नाही. रिंग आणि आतलं भांडं सुटं मिळतं का, तुमच्या गावात दुरुस्तीची सोय आहे का, हे किमतीच्या आधी विचारा. वीज मधेच गेली तर परत आल्यावर कार्यक्रम पुढे चालू राहतो की नव्याने लावावा लागतो, हेही विचारा. भारनियमनाच्या गावात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर तो चालेल अशी आशा ठेवू नका.

अमेरिकेतली मावसबहीण प्रेमाने तिकडचा कुकर आणते म्हणाली तर तिला आधीच अडवा. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. इथल्या सॉकेटला तो लावला तर पहिल्याच दिवशी जळेल, आणि 1000 वॉट पेलणारा ट्रान्सफॉर्मर ओट्यावर ठेवायचा म्हणजे कुकरपेक्षा तोच अवजड.

विजेच्या बिलाची धास्ती घेण्याचं कारण नाही. दाब आल्यावर हीटर बहुतेक वेळ बंदच असतो, त्यामुळे एका वेळच्या वरण-भाताला अर्ध्या युनिटच्या आतच वीज लागते. गॅसवरचा कुकर मात्र काढून टाकू नका. वीज नसेल, घाई असेल, तर तोच उपयोगी पडतो. तो नवा घ्यायची वेळ आली तर आयएसआय खूण पाहून घ्या. 1 फेब्रुवारी 2021 पासून ती घरगुती प्रेशर कुकरवर सक्तीची आहे.

नवा विजेचा कुकर घरी आला की पहिल्या दिवशी त्यात नुसतं दोन वाट्या पाणी घालून पाच मिनिटांवर लावा. पिन वर येते का, झाकणाच्या कडेने वाफ निसटते का, झडप मोकळी केल्यावर वाफेचा झोत कुठवर उडतो, हे सगळं त्यात कळतं. झोत वरच्या कपाटाच्या दारावर आपटत असेल तर कुकर ओट्याच्या कडेला सरकवा, पण मुलाचा हात पोचेल इतका कडेला नको. रिंग काढून पाहा, कारण ती रोज काढून धुवावी लागणार आहे, आणि मसाल्याचा वास धरते म्हणून खिरी-शिऱ्यासाठी दुसरी वेगळी ठेवा. हे झालं की दुसऱ्या दिवसापासून डाळ लावायला हरकत नाही.