पाय गमावलेल्यांचा व्हॉलीबॉल

इराण-इराक युद्ध सप्टेंबर १९८० मध्ये सुरू झाले आणि ऑगस्ट १९८८ मध्ये थांबले. त्यानंतर दोनच महिन्यांनी सोल येथे पॅरालिम्पिक स्पर्धा झाल्या आणि इराणच्या पुरुष संघाने सिटिंग व्हॉलीबॉलचे, म्हणजे बसून खेळायच्या व्हॉलीबॉलचे सुवर्णपदक पटकावले. तेव्हापासून २०२४ च्या पॅरिसपर्यंतच्या दहा पॅरालिम्पिकपैकी आठ वेळा सुवर्ण इराणनेच जिंकले. २००४ आणि २०१२ मध्ये त्याला हरवणारा संघ होता बोस्निया-हर्झेगोविनाचा. तोही युद्ध आणि भूसुरुंगांनी होरपळलेलाच देश!

या यशामागे मोठे दुखणे आहे. तोफगोळे आणि सुरुंगांनी हजारो इराणी तरुणांचे पाय नेले. तिथे त्यांना ‘जानबाज’ म्हणतात. या जखमी सैनिकांचे पुनर्वसन सरकारी संस्थांनी हाती घेतले आणि त्यात खेळाला जागा दिली. व्हॉलीबॉल इराणमध्ये आधीपासूनच आवडीचा. त्यामुळे जाळे खाली आणले, की खेळ तयार! पुढे अपघातात पाय गमावलेले आणि पोलिओ झालेले तरुणही त्यात आले.

हा खेळ जन्मला मात्र नेदरलँड्समध्ये, १९५६ साली. मैदान दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद, म्हणजे नेहमीच्या मैदानाच्या जेमतेम तिसरा हिस्सा. पुरुषांसाठी जाळ्याची उंची १.१५ मीटर, महिलांसाठी १.०५ मीटर. चेंडू मारताना बैठक जमिनीवरून उचलायची नाही, हा मुख्य नियम. बहुतेक खेळाडू कृत्रिम पाय काढून बाजूला ठेवतात आणि हातांच्या जोरावर सरकतात. सरकायचेही हातांनी आणि चेंडूही हातांनीच मारायचा, म्हणून हा खेळ दिसतो त्याहून खूप दमवणारा आहे.

वैद्यकीयदृष्ट्या महत्त्व आहे ते या दमण्यालाच. पाय कापल्याची जखम काही आठवड्यांत भरते. खरा त्रास पुढे सुरू होतो. हालचाल कमी होते, वजन वाढते. वजन वाढले, की कृत्रिम पाय नीट बसत नाही, टोचतो. मग माणूस चालणे आणखी कमी करतो. मांडीतून पाय गेला असेल, तर कृत्रिम पायाने चालायला नेहमीपेक्षा बरीच जास्त शक्ती लागते, त्यामुळे टाळाटाळ वाढते. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या अमेरिकी सैनिकांची पुढे अनेक वर्षे पाहणी झाली. ज्यांचे दोन्ही पाय किंवा एक पाय गुडघ्याच्या वरून गेला होता, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त आढळले. बसून खेळताना हे दुष्टचक्र तुटते. हृदयाचे ठोके वाढतात, पोट-पाठीचे स्नायू बळकट होतात, तोल सुधारतो.

मनाचा फायदाही तितकाच मोठा. मुर्तझा मेहरझाद याचेच पाहा. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक जास्त स्रवल्याने होणारा ॲक्रोमेगाली हा आजार त्याला आहे. त्याची उंची दोन मीटर ४६ सेंटिमीटर. किशोरवयात सायकलवरून पडून कंबरेचे हाड दुखावले आणि उजव्या पायाची वाढ थांबली. लोकांच्या नजरा टाळत तो घरातच राहू लागला होता. दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमात प्रशिक्षक हादी रझाई यांनी त्याला पाहिले आणि संघात आणले. २०१६ च्या रिओपासून सलग तीन सुवर्णपदकांत त्याचा वाटा आहे. ज्या उंचीची त्याला लाज वाटत होती, तीच संघाचे बळ ठरली.

अर्थात खेळाची किंमतही असते. सारा भार खांद्यांवर येत असल्याने तेथील स्नायू आणि कंडरा दुखावतात. जमिनीवर घासून कातडी सोलवटते.

आपल्याकडे पाय जाण्याचे नेहमीचे कारण मधुमेह आणि अपघात. अशा व्यक्तींनी ‘आता बसूनच राहायचे’ असे मानू नये. मात्र खेळ सुरू करण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी आणि जखम पूर्ण भरल्याची डॉक्टरांकडून खात्री करावी. मधुमेहींनी उरलेल्या पायाला विशेष जपावे. त्या पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर घासल्याचे कळतही नाही. म्हणून मोजे-बूट घालून खेळावे आणि खेळून झाल्यावर तळवा रोज पाहावा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जवळ गोड काहीतरी ठेवावे.

या खेळाला लागते ते एक जाळे, एक चेंडू, सपाट गुळगुळीत जमीन आणि बारा माणसे. इराणमध्ये युद्धातून परतलेल्या तरुणांना अंथरुणातून बाहेर काढायला एवढ्यानेच मोठा हातभार लावला.