शहामृगाच्या अंड्याची साक्ष

शहामृग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आफ्रिकेचा माळ उभा राहतो. हा न उडणारा पक्षी एके काळी आपल्या खानदेशातही वावरत होता, असे सांगितल्यास ऐकणारा सहज विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये. ऐकीव गोष्ट तपासल्याविना स्वीकारू नये, हीच तर तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आहे. म्हणून आपण पुरावाच पाहू.

जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी पाटणे हे गाव आहे. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तेथे केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे आणि त्यांपासून घडवलेले मणी मिळाले. एका तुकड्यावर समांतर रेषांच्या मध्ये आडव्यातिडव्या रेषांची नक्षी आहे. रेडिओकार्बन पद्धतीने त्याचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा ठरला. त्याच डोंगररांगेतील पितळखोऱ्याची बौद्ध लेणी सुमारे २,००० वर्षांची आहेत, हे ध्यानी घेतले म्हणजे या काळाची खोली कळते.

केवळ कवचावरून पक्षी कसा ओळखावा? शहामृगाच्या अंड्याचे कवच सुमारे २ मिलिमीटर जाड, म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या कवचाच्या कित्येक पट असते. त्यावरील छिद्रांची रचनाही वेगळी असते. पुढे २०१७ साली हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायोलॉजी या संस्थेतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थान आणि मध्य प्रदेशातील अशाच कवचांतून डीएनए मिळवला. तो आफ्रिकेतील शहामृगाशी ९२ टक्के जुळला.

तथापि प्रत्येक दावा टिकला नाही. इतर स्थळांच्या अनेक कवचांवरील रेघा मानवाने कोरल्या असे प्रथम सांगितले गेले. बारकाईने तपासता त्यांतील बहुतेक रेघा वनस्पतींच्या मुळांनी उमटवल्याचे अभ्यासकांना आढळले. पाटण्याची नक्षी मात्र कसोटीस उतरली.

शहामृग आपल्या भूमीवरून नाहीसा झाला. उरले ते नखाएवढे तुकडे. मातीच्या ज्या थरात तुकडा सापडतो, तो थरच त्याचे वय सांगतो. तो उचलून खिशात घातला की त्याची साक्ष मुकी होते. आपल्या शाळेची मुले शेताबांधावर, डोंगरात हिंडणारी आहेत. असे काही दिसल्यास ते जागीच ठेवून गुरुजनांना कळवावे, एवढे आपण पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी त्यांना अवश्य शिकवावे, अशी आमची विनंती आहे.